बॅरिटोनचा नायक : 'रिगोलेत्तो' आणि फेलिचे वारेसी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील ऑपेरा ही जितकी कला होती, तितकाच तो करारमदारांचा व्यवहारही होता. नाट्यगृह बहुधा शहरातील सधन सज्जेधारकांच्या मंडळाच्या मालकीचे असे. 'इंप्रेसारिओ' म्हणजे ठेकेदार-व्यवस्थापक गायक, वादक आणि संगीतकार यांची हंगामापुरती जुळवाजुळव करी. वर्षातला सर्वांत मानाचा हंगाम २६ डिसेंबरला सुरू होऊन ईस्टरपूर्व उपवासकाळ लागेपर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही चाले, आणि त्याला 'कार्नेव्हाल' हंगाम म्हणत. या व्यवस्थेत संगीतकाराला आधी कथा सुचे आणि मग तिच्यासाठी गायक शोधले जात, असे क्वचितच घडे. त्या हंगामाला कोणते गळे करारबद्ध आहेत, हे त्याला अगोदर कळवले जाई आणि त्या गळ्यांची झेप, दम व खोडी ध्यानात घेऊन तो भूमिका बेतून देई. म्हणून या काळातील एखाद्या भूमिकेचा इतिहास पाहायचा, तर ती प्रथम ज्याच्यासाठी लिहिली गेली त्या गायकाचा इतिहासही पाहावा लागतो. जुझेप्पे व्हेर्दी यांच्या 'रिगोलेत्तो' या शोकांतिकेतील मुख्य भूमिका आणि तिचा पहिला गायक फेलिचे वारेसी यांच्याबाबतीत हे विशेष खरे आहे, कारण त्या एका भूमिकेने पुरुषांच्या मधल्या पट्टीच्या आवाजाला इटालियन रंगभूमीवर निर्विवाद नायकपद मिळवून दिले.

पाश्चात्त्य गायनात पुरुषांच्या आवाजाचे ढोबळ मानाने तीन प्रकार मानतात. 'टेनर' हा उंच आवाज, 'बास' हा खर्जाचा आवाज आणि या दोहोंच्या मधला तो 'बॅरिटोन'. हा तिसरा प्रकार निसर्गात सर्वांत जास्त आढळत असला, तरी इटालियन ऑपेरात त्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र काम मिळायला बराच वेळ लागला. मोझार्टच्या काळात ज्या भूमिकांना आज बॅरिटोनच्या म्हणतात, त्या सर्रास बासच्या म्हणूनच ओळखल्या जात. पुढे रोसिनीच्या काळातही 'गाणारा बास' अशा अर्थाच्या एका उपप्रकारातच त्यांची गणना होई. अठराव्या शतकात नायकाची भूमिका बहुधा खच्ची केलेल्या पुरुष-गायकांकडे, म्हणजे 'कास्त्रातीं'कडे असे. त्यांची परंपरा मावळल्यावर ती जागा टेनरने घेतली आणि १८३०च्या दशकापर्यंत टेनर प्रेम करणार, सोप्रानो म्हणजे उंच आवाजाची स्त्री त्याच्यासाठी झुरणार आणि खालच्या पट्टीतला पुरुष त्या दोघांच्या आड येणार, अशी वाटणी जवळजवळ ठरून गेली. आड येणारा हा पुरुष कधी प्रतिस्पर्धी असे, कधी जुलमी सरदार, तर कधी बाप. दोनिझेत्ती यांनी या मधल्या आवाजाला पुष्कळ सुरेल आणि भावपूर्ण गाणे दिले. जॉर्जो रोन्कोनीसारख्या गायकांनी त्याच्या वरच्या स्वरांत ताण आणि धार आणली, आणि त्यामुळे हा आवाज बासपासून हळूहळू वेगळा होत गेला. तरीही नाटकाचा भार प्रामुख्याने त्याच्यावर टाकण्याचे धाडस अपवादात्मकच राहिले.

व्हेर्दी यांनी हे धाडस टप्प्याटप्प्याने केले. ९ मार्च १८४२ रोजी मिलानच्या 'ला स्काला' नाट्यगृहात त्यांचा 'नाबुक्को' सादर झाला, तेव्हा उन्मत्त होऊन वेडा होणाऱ्या आणि पश्चात्तापाने शुद्धीवर येणाऱ्या बॅबिलोनच्या राजाची भूमिका रोन्कोनी यांनी केली. १८४४मध्ये व्हेनिसच्या 'ला फेनीचे' नाट्यगृहासाठी लिहिलेल्या 'एर्नानी'त एकाच स्त्रीवर तीन पुरुषांचा दावा आहे. तिथे टेनर, बॅरिटोन आणि बास या तीन आवाजांना तीन वयांचा आणि तीन स्वभावांचा रंग देऊन व्हेर्दी यांनी त्यांच्यातील फरक पक्का केला. त्याच वर्षी रोममध्ये आलेल्या 'इ दुए फोस्कारी'त आणि १८४९मध्ये नेपल्समध्ये आलेल्या 'लुईझा मिलर'मध्ये बॅरिटोन हा अपत्यासाठी तुटणारा बाप आहे. पहिल्यात तो राज्याचा प्रमुख आहे, तर दुसऱ्यात एक साधा निवृत्त सैनिक. प्रियकराच्या उत्कटतेला उंच स्वर शोभतो, पण कर्तव्य, अपराध आणि वात्सल्य यांच्या कात्रीत सापडलेल्या प्रौढ माणसाला बोलण्याच्या जवळचा, भारदस्त आणि तरीही वर जाऊन फाटण्याच्या बेतात येणारा आवाज हवा, ही जाण या सर्व रचनांतून वाढत गेलेली दिसते.

फेलिचे वारेसी यांचा जन्म १८१३ साली फ्रान्समधील कॅले येथे झाला आणि १८३४मध्ये इटलीतील वारेझे शहरात दोनिझेत्तींच्या एका ऑपेरातून त्यांनी रंगभूमीवर पदार्पण केले. १८४२मध्ये व्हिएन्नात दोनिझेत्तींच्याच 'लिंदा दि शामुनी'च्या पहिल्या प्रयोगात त्यांनी नायिकेच्या बापाची भूमिका केली, म्हणजे व्हेर्दी यांच्याकडे येण्यापूर्वीच ते नावाजलेले गायक होते. परंतु व्हेर्दी यांनी त्यांना निवडले ते गळ्याच्या गोडव्यामुळे नव्हे. फ्लोरेन्सच्या 'तेआत्रो देल्ला पेर्गोला'साठी नवा ऑपेरा लिहिण्याचा करार झाला, तेव्हा विषयाची निवडच गायकांवर अवलंबून होती. उत्तम टेनर मिळत नव्हता आणि वारेसी मिळणार होते, म्हणून शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' निश्चित झाला. इंप्रेसारिओ लानारी यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात व्हेर्दी यांनी आपली बाजू स्पष्ट मांडली होती. दुसरे गायक दिसायला अधिक देखणे असतील, त्यांचा आवाज अधिक सुंदर असेल, ते कदाचित अधिक चांगले गातही असतील, पण मनात असलेली ही भूमिका गाण्याच्या ढंगाने, भावनेने आणि अगदी दिसण्यानेही वारेसी यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही, असा त्या म्हणण्याचा आशय होता. वारेसी कधीकधी सुराला सुटतात, या संभाव्य आक्षेपालाही त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवले होते. ही भूमिका बहुतांशी शब्दफेकीची आहे आणि त्यात वारेसी तरबेज आहेत, असे ते उत्तर होते.

या निवडीत एक सौंदर्यविचार दडलेला आहे. तोवरच्या इटालियन गायकीत, जिला पुढे 'बेल कांतो' म्हणजे सुंदर गायन असे नाव पडले, स्वराची सलगता, श्वासावरचा ताबा, हरकती-मुरक्यांची सफाई आणि सुरावटीचा डौल हे गुण सर्वोच्च मानले जात. शब्द हे बऱ्याचदा सुरावटीचे निमित्त असत. व्हेर्दी यांनी १८४७च्या जानेवारीत वारेसी यांना लिहिलेल्या पत्रांत वारंवार बजावले, की लक्ष शब्दांवर आणि प्रसंगावर ठेवावे, संगीत आपोआप येईल, आणि संगीतकारापेक्षा कवीची चाकरी अधिक चांगली व्हावी. १४ मार्च १८४७ रोजी 'मॅकबेथ' सादर झाला. लेडी मॅकबेथची भूमिका करणाऱ्या मारियान्ना बार्बिएरी-निनी यांनी पुढे नोंदवले, की राजाच्या खुनानंतरच्या द्वंद्वगीताच्या दीडशेहून अधिक तालमी झाल्या. ते गाणे गायल्यासारखे न वाटता दबक्या आवाजात बोलल्यासारखे वाटावे, हा व्हेर्दी यांचा आग्रह होता. मूळ आवृत्तीत मॅकबेथ रंगमंचावर तुटक, छोट्याशा एकल गायनात प्राण सोडतो. १८६५मध्ये पॅरिससाठी केलेल्या सुधारित आवृत्तीत हा मृत्यू-प्रवेश वगळला गेला, परंतु वारेसी यांच्यासाठी काय योजले होते, याची साक्ष म्हणून तो महत्त्वाचा आहे.

१८५०च्या वसंतात 'ला फेनीचे'च्या व्यवस्थापनाने व्हेर्दी यांच्याशी पुढच्या कार्नेव्हाल हंगामासाठी करार केला. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. १८४८च्या क्रांतीत दानिएले मानिन यांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रजासत्ताक स्थापन झाले होते आणि ऑगस्ट १८४९मध्ये वेढा, उपासमार व पटकीच्या साथीनंतर ते कोसळले होते. परत आलेली राजवट साहजिकच संशयी होती. अशा वेळी व्हेर्दी यांनी विषय निवडला तो व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ल र्वा सामूज' या नाटकाचा. या नाटकात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस हा कामांध विलासी दाखवला आहे आणि त्याचा कुबडा विदूषक त्रिबुले हा नायक आहे. पॅरिसमध्ये २२ नोव्हेंबर १८३२ रोजी एक प्रयोग होताच सरकारने ते बंद पाडले आणि त्याचा दुसरा प्रयोग व्हायला बरोबर ५० वर्षे जावी लागली. व्हेर्दी यांना मात्र त्रिबुले ही शेक्सपिअरच्या तोडीची निर्मिती वाटत होती. बाहेरून विद्रूप आणि हास्यास्पद, आतून उत्कट आणि प्रेमळ, अशा माणसाला गाणे देण्याची कल्पनाच त्यांना भुरळ घालत होती.

संहितालेखक फ्रांचेस्को मारिया पियावे हे फेनीचेशी जोडलेले होते आणि अभ्यवेक्षणाची म्हणजे सेन्सॉरची परवानगी मिळेल, असे त्यांनी व्हेर्दी यांना आश्वासन दिले होते. ते फोल ठरले. १८५०च्या अखेरीस लष्करी गव्हर्नरच्या आदेशाने संहितेवर पूर्ण बंदी आली आणि तिच्यातील अनैतिकता व अश्लीलता यांबद्दल कडक शब्दांत नापसंती कळवण्यात आली. पियावे यांनी घाईघाईने जी पर्यायी संहिता तयार केली, तिच्यात राजाचा विलास, विदूषकाचे कुबड आणि पोत्यात घातलेले प्रेत, हे सगळेच पुसले गेले होते. १४ डिसेंबरच्या पत्रात व्हेर्दी यांनी ती साफ नाकारली. राजा सज्जन ठरला तर शापाला अर्थ उरत नाही आणि शाप निरर्थक ठरला तर नाटकच उरत नाही, अशी त्यांची मांडणी होती. कुबडा गातो यात वावगे काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. आपले संगीत, चांगले असो वा वाईट, कोणत्याही प्रसंगाला चिकटवता येईल असे लिहिलेले नसते, हेही त्यांनी बजावले. अखेर ३० डिसेंबर १८५० रोजी व्हेर्दी यांच्या गावी, बुस्सेतो येथे पियावे आणि फेनीचेचे सचिव ब्रेन्ना यांच्यासह तडजोड झाली. फ्रान्सच्या दरबाराऐवजी एका छोट्या संस्थानाचा दरबार घ्यावा, पात्रांची नावे बदलावीत आणि राजाच्या शयनगृहाच्या किल्लीचा प्रवेश गाळावा, असे ठरले. कुबड आणि पोते मात्र राहिले. कथा मांतुआच्या ड्यूकच्या दरबारात गेली, 'शाप' हे आधी योजलेले शीर्षक मागे पडले आणि विदूषकाच्या नव्या नावावरून ऑपेरा 'रिगोलेत्तो' झाला. सेन्सॉरशी झालेल्या या झगड्यात ज्या दोन गोष्टींसाठी व्हेर्दी अडून बसले, त्या दोन्ही बॅरिटोनच्या भूमिकेच्या मुळाशी होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कथानक थोडक्यात असे आहे. ड्यूकच्या लंपटपणाला हसत-खिदळत साथ देणारा कुबडा विदूषक रिगोलेत्तो हा एका वृद्ध सरदाराची, मोन्तेरोनेची, त्याच्या मुलीच्या विटंबनेवरून थट्टा करतो आणि मोन्तेरोने त्याला बापाचा शाप देतो. रिगोलेत्तोलाही एक मुलगी आहे. जिल्दा हिला त्याने सगळ्यांपासून लपवून ठेवले आहे. सूडाला टपलेले दरबारी तिला पळवून नेतात आणि शिडी धरायला, डोळे बांधून, खुद्द बापालाच उभे करतात. ड्यूकने मुलीची अब्रू घेतल्यावर रिगोलेत्तो स्पाराफुचीले या मारेकऱ्याला सुपारी देतो, पण ड्यूकवर जीव जडलेली जिल्दा त्याच्या जागी स्वतः सुऱ्यापुढे उभी राहते आणि ठरल्याप्रमाणे बापाच्या हाती जे पोते पडते, त्यात तिचेच शरीर असते.

११ मार्च १८५१ रोजी फेनीचेमध्ये पहिला प्रयोग झाला. रिगोलेत्तो वारेसी, जिल्दा तेरेसा ब्राम्बिल्ला आणि ड्यूक राफाएले मिराते अशी प्रमुख पात्रयोजना होती. ड्यूकचे पुढे जगप्रसिद्ध झालेले स्त्रीच्या चंचलपणाविषयीचे गाणे आधीच गल्लोगल्ली पसरू नये, म्हणून व्हेर्दी यांनी ते मिराते यांच्या हाती तालमींच्या अगदी शेवटी दिले. प्रयोगाला लगेच यश मिळाले आणि त्या हंगामात एकूण १३ प्रयोग झाले. वारेसी यांच्या मुलीने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार खोटे कुबड बांधून प्रेक्षकांसमोर जायला ते इतके बिचकत होते, की प्रवेशाच्या क्षणी त्यांचे पाय खिळले. तेव्हा व्हेर्दी यांनी मागून ढकलल्यामुळे ते अडखळत रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांनी ते विदूषकाचे मुद्दाम केलेले सोंग समजून दाद दिली. कुटुंबातल्या आठवणीत तपशील रंगत जातात हे धरूनही, तोवर राजे आणि सेनानी रंगवणाऱ्या गायकाला प्रमुख भूमिकेत स्वतःला विद्रूप करून घेणे किती अवघड वाटले असेल, याचा अंदाज तिच्यातून येतो.

या भूमिकेला मिळालेली दाद समजून घ्यायची, तर तिची बांधणी पाहावी लागते. त्या काळच्या इटालियन ऑपेरात एकल गाण्याचा साचा ठरलेला होता. प्रथम संवादाच्या लयीतील 'रेचितातीव्हो', मग संथ, सुरेल 'कांताबिले', मध्ये एखादी बातमी किंवा घटना आणि शेवटी द्रुत, जोशपूर्ण 'काबालेत्ता', असा हा क्रम असे. त्याच्या शेवटच्या भागावर टाळ्या ठरलेल्या असत. एका गायिकेच्या पतीने जास्तीचे एकल गाणे मागितले, तेव्हा १८५२मध्ये व्हेर्दी यांनी कळवले, की 'रिगोलेत्तो' ही आपण एकल गाण्यांशिवाय, द्वंद्वगीतांची अखंड मालिका म्हणूनच कल्पिली होती. रिगोलेत्तोला तर ठरीव साच्यातले एकही एकल गाणे नाही. त्याची भूमिका संभाषणांतून, स्वगतातून आणि एका मोठ्या विनवणीतून उभी राहते.

पहिल्या अंकात स्पाराफुचीलेशी होणारे त्याचे संभाषण या नव्या रीतीचा नमुना आहे. मुख्य सुरावट आवाज दाबलेल्या एका चेलोवर आणि एका डबल बासवर, म्हणजे तंतुवाद्यांतील दोन खालच्या आवाजांवर चालते आणि त्या सुरावटीवर दोन माणसे अंधाऱ्या गल्लीत भाव ठरवावा तसे तुटक बोलत राहतात. मारेकरी निघून गेल्यावर येणाऱ्या स्वगतात रिगोलेत्तो स्वतःची त्याच्याशी तुलना करतो. दोघेही घाव घालतात, फरक इतकाच की एकाचे शस्त्र सुरा आहे आणि दुसऱ्याचे जीभ. या स्वगतात पुन्हा येणारी सुरावट जवळजवळ नाही. दर दोन-चार ओळींनी लय, स्वरपट्टी आणि वाद्यमेळ बदलतो. निसर्गाविरुद्धची चीड, दरबाराचा तिरस्कार, शापाची आठवण आणि घरी पोहोचण्याची ओढ असे भाव एकामागून एक येतात. शापाची आठवण एकाच स्वरावर अडून राहणाऱ्या लयीतून दिली आहे आणि तीच लय ऑपेराच्या प्रास्ताविक वादनात आरंभीच ऐकू येते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात ती अगोदरच रुतलेली असते. लगेच पुढे जिल्दाशी होणाऱ्या भेटीत हाच आवाज मवाळ, लांब आणि सलग सुरावटीत वाहू लागतो. दरबारातील कर्कश हास्य आणि घरातील वात्सल्य यांतील अंतर एकाच गळ्याने दाखवायचे, हीच या भूमिकेची खरी परीक्षा आहे.

भूमिकेचा कळस दुसऱ्या अंकात आहे. मुलगी ड्यूकच्या महालात असावी असा संशय असूनही रिगोलेत्तो आधी बेफिकीर गुणगुणत दरबारात येतो आणि नजरेने तिचा माग शोधत राहतो. एका सेवकाच्या बोलण्यातून खात्री पटताच त्याचा संयम सुटतो. इथे व्हेर्दी यांनी रूढ क्रम उलटा केला. आधी तंतुवाद्यांच्या घोंघावणाऱ्या लाटांवर दरबाऱ्यांना उद्देशून संतापाचा स्फोट होतो. दार उघडत नाही म्हटल्यावर त्याचा आवाज खचतो आणि तो एका दरबाऱ्यापुढे रडतो. शेवटी चेलो आणि इंग्लिश हॉर्न यांच्या साथीवर तो सर्वांची क्षमा मागत मुलीची भीक मागतो. रूढ साच्यात संथाकडून द्रुताकडे, शोकाकडून निश्चयाकडे जाता येई आणि गायक विजयी मुद्रेने टाळ्या घेई. इथे संतापाकडून लाचारीकडे उतरण आहे आणि सर्वांत सुंदर सुरावट येते ती माणूस पुरता मोडल्यावर. या ठिकाणी मिळणारी दाद ही पडझडीला मिळालेली दाद असते. वारेसी यांच्या शब्दफेकीच्या कौशल्याला संतापाच्या भागात पूर्ण वाव होता आणि अंतिम विनवणीची सुरावटही श्वासांच्या छोट्या तुकड्यांत बांधलेली असल्यामुळे तिथे स्वराच्या शुद्ध सौंदर्यापेक्षा आर्जवाला जास्त किंमत होती.

तिसऱ्या अंकात टेनर आणि बॅरिटोन यांच्यातील जुनी विभागणी व्हेर्दी यांनी नाट्यासाठीच वापरली आहे. ड्यूकला सर्वांत गोड, सहज ओठांवर येणारी गाणी दिली आहेत, कारण त्याला सदसद्विवेकाचा भार नाही. चौघांच्या प्रसिद्ध गाण्यात तो आणि मारेकऱ्याची बहीण आत शृंगार करतात, बाहेरून ते पाहणाऱ्या जिल्दाचे हुंदके आणि रिगोलेत्तोचे सूडाचे बोल त्याच वेळी चालू असतात. शेवटी पोते नदीकडे ओढत असताना रिगोलेत्तोला दुरून ड्यूकचे तेच स्त्रीच्या चंचलपणाचे गाणे ऐकू येते आणि त्या एका सुरावटीने आपण वाहतो आहोत ते प्रेत दुसऱ्या कोणाचे तरी आहे, हे त्याला उमगते. टेनरचे लोकप्रिय गाणे बॅरिटोनच्या शोकांतिकेचे हत्यार होते. ड्यूकला शिक्षा होत नाही, त्याला काही घडल्याचे कळतही नाही. सगळा परिणाम बापाने भोगायचा असतो.

'रिगोलेत्तो' इटलीभर वेगाने पसरला, पण सेन्सॉरने जागोजागी त्याला मुखवटे चढवले. रोममध्ये तो 'व्हिस्कार्देल्लो' झाला, तर नेपल्समध्ये 'लिओनेल्लो' आणि 'क्लारा दि पर्थ' अशा नावांनी सादर झाला. १४ मे १८५३ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये रोन्कोनी यांनी ही भूमिका केली आणि 'नाबुक्को'च्या पहिल्या नायकाने वारेसी यांच्या नायकाचा वारसा उचलला. १८५७मध्ये पॅरिसच्या 'तेआत्र-इतालियाँ'त ऑपेरा आला, तेव्हा ह्यूगो यांनी आपल्या नाटकाच्या वापराविरुद्ध दावा लावला आणि तो ते हरले. ज्या नाटकाला फ्रेंच रंगभूमीवर बंदी होती, ते पॅरिसच्याच प्रेक्षकांनी इटालियन भाषेतून ऐकले.

वारेसी यांच्या वाट्याला मात्र लगेचच उतरती कळा आली. ६ मार्च १८५३ रोजी त्याच फेनीचेमध्ये व्हेर्दी यांचा 'ला त्राव्हियाता' सादर झाला आणि वारेसी यांनी प्रियकराच्या बापाची, जॉर्जो जेर्मों यांची भूमिका केली. प्रयोग पडला. नायिकेची भूमिका करणाऱ्या गायिकेच्या स्थूल देहाची चर्चा पुढे फार झाली, पण वारेसी यांचे अपयशही त्यात होते. जेर्मों हा प्रतिष्ठित, संयमी, मध्यमवर्गीय बाप आहे. त्याला संताप नाही, विद्रूपता नाही, स्वगत नाही. आहे ती सलग, मुलायम आणि सारख्याच सुरावटीच्या कडव्यांची गाणी, म्हणजे ज्या सुंदर गायनाला बाजूला सारून वारेसी यांची निवड झाली होती, नेमके तेच. आपल्या गुणांना योग्य भूमिका मिळाली नाही, अशी तक्रार वारेसी यांनी उघडपणे केली आणि 'मॅकबेथ' व 'रिगोलेत्तो' यांची आठवण करून दिली. पुढच्या वर्षी, ६ मे १८५४ रोजी, व्हेनिसच्याच सान बेनेदेत्तो नाट्यगृहात काही फेरफारांसह 'त्राव्हियाता' पुन्हा झाला, तेव्हा जेर्मोंची भूमिका फिलिप्पो कोलेत्ती यांनी केली आणि ऑपेरा जिंकला. बापाची एकच भूमिका म्हणून ज्या दोन भूमिकांकडे वरवर पाहता येईल, त्या आवाजाच्या दृष्टीने किती वेगळ्या आहेत, हे या दोन प्रयोगांतून स्पष्ट झाले.

'रिगोलेत्तो'नंतरच्या इतर भूमिकांत हा भेद पुसट होत गेला. 'इल त्रोव्हातोरे'तील काउंट दि लुना, 'उन बाल्लो इन मास्केरा'तील रेनातो, 'ला फोर्त्सा देल देस्तीनो'तील डॉन कार्लो अशा एकामागून एक भूमिका आल्या. त्यांत संताप आणि सूड यांच्या जोडीला दीर्घ, तेजस्वी, वरच्या पट्टीत टिकून राहणारी सुरावट होती. या साऱ्या भूमिका गाऊ शकणाऱ्या गायकाला पुढे 'व्हेर्दी बॅरिटोन' असे नाव पडले. त्याची मुख्य ओळख अशी, की आवाज भरदार असावा आणि गाण्याचा बराच भाग त्याच्या आवाक्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असूनही तो फुटू किंवा पातळ होऊ नये. जी भूमिका सुंदर आवाजाऐवजी अर्थपूर्ण उच्चारासाठी लिहिली गेली होती, तीच आता आवाजाच्या एका प्रकाराची कसोटी म्हणून ओळखली जाऊ लागली. उच्चाराची परंपरा मात्र अगदी लोपली नाही. १८८७मध्ये 'ओतेल्लो'तील इयागो आणि १८९३मध्ये 'फाल्स्टाफ'मधील शीर्षक-भूमिका व्हेर्दी यांनी सोपवली ती फ्रेंच बॅरिटोन व्हिक्टर मोरेल यांच्याकडे. त्यांची ख्याती आवाजाच्या आकारापेक्षा अभिनयबुद्धी आणि शब्दांच्या छटा यांसाठी होती.

ध्वनिमुद्रणाच्या आगमनाने या दोन परंपरा शेजारी ठेवून ऐकण्याची सोय झाली. टिट्टा रुफो यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तबकड्यांनी प्रचंड, घणघणीत आवाजाचा आदर्श घालून दिला. १९३०च्या संपूर्ण मुद्रणात रिक्कार्दो स्त्राच्चारी यांनी जुन्या सुबक गायकीचा वारसा जपला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातील लिओनार्ड वॉरन यांनी गोल, समृद्ध आणि उंच स्वरांत निर्धास्त असणाऱ्या आवाजाने अमेरिकन श्रोत्यांच्या मनात रिगोलेत्तो पक्का केला. ४ मार्च १९६० रोजी 'ला फोर्त्सा देल देस्तीनो'च्या प्रयोगात रंगमंचावरच कोसळून त्यांचे निधन झाले. त्यांच्या उलट टिटो गोब्बी यांचा आवाज तुलनेने कोरडा आणि वरच्या स्वरांत मर्यादित होता, तरी १९४६चा चित्रपट आणि १९५५मध्ये मारिया कॅलास यांच्यासोबत केलेले मुद्रण यांत त्यांनी शब्दागणिक आवाजाचा पोत बदलून जो विदूषक उभा केला, तो वारेसी यांच्या निवडीमागील विचाराच्या सर्वांत जवळ जातो. जर्मन कलागीतांसाठी प्रसिद्ध असलेले डीट्रिख फिशर-डीस्काउ यांनी १९६०च्या दशकात मिलानमध्ये केलेल्या मुद्रणात हाच मार्ग आणखी पुढे नेला. त्यावर इटालियन आवाजाची ऊब नाही असा आक्षेपही आला.

याच काळात परंपरेने घातलेल्या भरीचा प्रश्न पुढे आला. स्वगताच्या शेवटी आणि दुसऱ्या अंकाच्या अखेरच्या सूड-द्वंद्वगीताच्या टोकाला बॅरिटोनने लिहिलेल्या स्वराहून वरचा स्वर लांबवायचा आणि टाळ्या घ्यायच्या, ही रीत एवढी रुळली होती, की तो स्वर न घेणाऱ्याला प्रेक्षक कमअस्सल समजत. १९८३मध्ये मार्टिन चुसिड यांनी संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि व्हेर्दी यांनी प्रत्यक्षात काय लिहिले होते, ते सर्वांच्या हाती आले. संगीतसंचालक रिक्कार्दो मुती यांनी रेनातो ब्रूझोन यांच्यासारख्या संयमी बॅरिटोनला घेऊन व्हिएन्नात आणि नंतर ला स्कालामध्ये ही भर काढून प्रयोग केले. दुसरीकडे लेओ नुच्ची यांनी ५००हून अधिक वेळा ही भूमिका केली. सूड-द्वंद्वगीत पुन्हा गाण्याची प्रेक्षकांची मागणी ते वारंवार पुरी करीत आणि उंच स्वरांची जुनी मेजवानीही देत. एकाच भूमिकेत या दोन्ही रीती आजही नांदतात.

या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. बॅरिटोन हा शोकांतिकेचा नायक झाला, तो त्याच्या आवाजाची कीर्ती वाढली म्हणून नव्हे. एका संगीतकाराने सुरेलपणाहून वेगळे मूल्य पुढे ठेवले, त्यासाठी कथा निवडली, तिच्यासाठी राज्यसत्तेशी भांडण मांडले आणि त्या मूल्याला साजेसा गायक शोधला, म्हणून ते घडले. वारेसी यांना १८५१मध्ये मिळालेली वाहवा आणि १८५३मध्ये मिळालेली अवहेलना ही एकाच निवडीची दोन फळे होती. नंतरच्या शतकाने भूमिका ठेवली आणि तिच्यासाठी मोठा, देखणा आवाज अनिवार्य मानला. त्यामुळे ती अधिक भव्य झाली, पण काही वेळा तिच्यातला कुबडा माणूस गळ्याच्या वैभवामागे झाकलाही गेला. म्हणूनच रिगोलेत्तो गाणाऱ्याचे मूल्यमापन करताना सूड-गीताच्या शेवटचा उंच स्वर हे माप अपुरे पडते. दरबाऱ्यांवर ओरडणारा बाप त्यांच्याच पायांशी येतो, त्या उतरणीत त्याचा प्रत्येक शब्द कळतो की नाही आणि पटतो की नाही, हेच व्हेर्दी यांनी वारेसी यांच्यासाठी ठरवलेले माप आहे आणि भूमिकेची रचनाच त्या मापावर बेतलेली असल्याने ते बदलण्याचे कारण दिसत नाही.